चूल, सरपण आणि धूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅस आला तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत चूल अजून पेटते. कुठे रोजच्या स्वयंपाकाला, कुठे नुसत्या आंघोळीच्या पाण्याला, कुठे सिलिंडर संपला की. मातीची चूल, लोखंडी चूल, शेगडी आणि बंब यांबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. हवा तो प्रश्न उघडून तेवढंच वाचलंत तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. चूल पेटवली की घरभर धूर कोंडतो. नेमकं चुकतं कुठे?

लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतो. चुलीत पिवळा जाळ दिसतो तो या वायूचा. वाळक्या लाकडाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन जातो, उरलेला निखारा होऊन जळतो. हा वायू पेटायला भरपूर धग लागते आणि भरपूर हवा लागते. दोन्हींतलं एक कमी पडलं की तो न जळताच बाहेर पडतो, आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. म्हणजे डोळ्यांना झोंबतं ते तुमचंच सरपण आहे. भांड्याखाली जळायचं ते छपराकडे चाललं आहे. म्हणून धूर कमी करणं आणि जळण वाचवणं ही दोन वेगळी कामं नाहीत. पुढचे बहुतेक उपाय यातूनच निघतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे चुलीचं तोंड लाकडांनी गच्च भरणं. हवा आत जाते ती त्याच तोंडातून. लाकडं अर्ध्या उंचीपर्यंतच ठेवा, वरची अर्धी जागा मोकळी राहू द्या. दुसरी चूक, कालची राख तशीच ठेवून तिच्यावर जाळ करणं. तिसरी, ओलं लाकूड (प्रश्न ३ आणि ५). चौथी गोष्ट चुलीच्या घडणीची असते, ती प्रश्न ७ मध्ये आहे.

२. चूल पटकन पेटत नाही म्हणून थोडं रॉकेल घालतो. चालतं ना?

नाही. धुमसत्या चुलीत तर कधीच नाही. गरम निखाऱ्यावर रॉकेल पडलं की आधी त्याची वाफ होते, ती चुलीत आणि चुलीपुढे पसरते आणि मग एकदम भडकते. ओतणाऱ्याचा हात आणि चेहरा तेव्हा तिथेच असतो. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांचा भडका त्याहून वाईट. प्लास्टिकची पिशवी पेटवून जाळ धरायची सवयही सोडा. त्यातला विषारी धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नाकात जातो आणि वितळलेलं प्लास्टिक हातावर पडलं तर कातडीला चिकटून राहतं.

पद्धत सोपी आहे. राख काढा. दोन मध्यम लाकडं थोडं अंतर ठेवून उभी घाला, त्यांवर आडव्या बारीक काटक्या रचा आणि मधल्या पोकळीत वाळका पाचोळा, नारळाचं सोडण किंवा उसाचं चिपाड ठेवून पेटवा. काटक्यांनी नीट जाळ धरल्यावरच जाड लाकूड पुढे सरकवा. पहिली पाच मिनिटं चूल गार असते, तेव्हाच धूर जास्त होतो. त्या वेळी बारीक, खडखडीत वाळलेलंच जळण वापरलं तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

फुंकणीने फुंकताना हवा जाळावर न मारता निखाऱ्यांच्या मुळाशी द्या. आणि श्वास घेताना तोंड फुंकणीपासून बाजूला घ्या, नाहीतर धूर आणि राख नळीतूनच आत ओढली जाते. मुलांच्या हाती फुंकणी देऊ नका.

३. लाकूड पुरतं वाळलं आहे हे ओळखायचं कसं?

दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेल्याचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल नखाने सुटते आणि हातात घेतलं की ते दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं. चुलीत गेल्यावर मागच्या टोकातून चर्रर्र आवाज करत फेस आला तर ते ओलं आहे. बाहेर काढा आणि वाळायला ठेवा.

ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. किलोभर वाळक्या लाकडातून साधारण १६ मेगाज्यूल उष्णता मिळते. ओल्या किलोत मुळात लाकूडच अर्धा किलो, आणि त्यातलीही काही उष्णता उरलेलं अर्धा लिटर पाणी वाफ करून उडवण्यात जाते. हाती निम्म्याहून कमी येतं. शिवाय त्या पाण्यामुळे चूल गार राहते आणि वायू पेटत नाही, म्हणून धूर होतो तो वेगळाच.

ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला की लाकूड जाळण्यालायक झालं समजा. त्यासाठी ते फोडावंच लागतं. अख्ख्या ओंडक्याची साल आतला ओलावा अडवून धरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मनगटाएवढं फोडून उन्हावाऱ्यात रचलेलं सरपण पावसाआधी बहुधा तयार होतं.

४. कोणतं लाकूड चांगलं आणि कोणतं अजिबात जाळू नये?

बाभूळ हे देशावरचं खात्रीचं जळण आहे. जाळ चांगला, निखारा टिकाऊ. धावडा, ऐन, चिंच हीही जड लाकडं, सावकाश जळतात. शेवगा, पांगारा, सावर यांसारखं पोकळ, हलकं लाकूड भुर्रकन जळून जातं. तुराट्या (तुरीची वाळकी खोडं) आणि पऱ्हाट्या (कपाशीची) यांचा जाळ मोठा पण क्षणाचा. चूल पेटवायला आणि भाकरीच्या तव्याखाली भराभर धग हवी असेल तेव्हा त्या उत्तम, पण माणूस सतत चुलीपाशी लागतो. करवंट्या तेलकट असतात, जोरात पेटतात, एका वेळी एक-दोनच घाला. गोवरीची धग मंद आणि लांब पुरणारी, दूध तापत ठेवायला सोयीची. पण लाकडापेक्षा धूर आणि राख दोन्ही जास्त, म्हणून ती उघड्यावर किंवा धुराडं असलेल्या चुलीतच बरी.

न जाळायच्या गोष्टींत पहिला कण्हेर. त्याचं झाड अंगोपांग विषारी आहे आणि धूरही. बिब्ब्याचं लाकूड आणि काजूबियांची टरफलं यांतलं तेल कातडीला भाजतं, धूर डोळ्यांना आणि घशाला सोसत नाही. रंग दिलेलं लाकूड, जुन्या खिडक्या-दारं, प्लायवूड, लॅमिनेट, टायरचे तुकडे, चपला यांतलं काहीही स्वयंपाकाच्या चुलीत घालू नका.

वाळलेल्या, मोडून पडलेल्या फांद्या बहुतेक घरांना पुरतात. उभं झाड तोडायचं असेल तर आधी परवानगी घ्या. साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, ऐन, खैर अशा काही जाती महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात आणि स्वतःच्या जमिनीतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

५. आम्ही कोकणात राहतो. पावसाळ्यात कितीही झाकलं तरी सरपण ओलं होतंच. काय करावं?

बहुतेक ठिकाणी चूक झाकण्यातच असते. ताडपत्रीने ढीग चहूबाजूंनी गुंडाळला की आतला दमटपणा आतच राहतो आणि लाकडाला बुरशी येते. फक्त वरून झाका आणि बाजू उघड्या ठेवा. ढीग जमिनीवर न ठेवता दगडांवर किंवा दोन आडव्या ओंडक्यांवर चढवा, म्हणजे खालून ओल चढत नाही आणि वारा खेळतो. पागोळ्यांपासून हातभर आत घ्या.

उद्याचं जळण आज घरात आणून चुलीच्या बाजूला वाळत ठेवायला हरकत नाही, पण चुलीच्या तोंडापासून दोन-तीन हात लांब. रात्री चुलीवर किंवा चुलीच्या पोटात लाकडं वाळायला घालून झोपू नका. राखेखालचा एखादा निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. चुलीवरच्या माळ्यावर सरपण ठेवायची जुनी पद्धत असेल, तर जाळ पोचणार नाही इतकी उंची आहे ना आणि खाली सुटलेल्या साली, झावळ्या लोंबत नाहीत ना, हे बघा.

शक्य असेल तर फोडलेलं, खडखडीत वाळलेलं थोडं सरपण पोत्यात भरून घरातच वेगळं ठेवा आणि ते फक्त पेटवायला वापरा. पावसाळ्यातला धूर मुख्यतः पेटवतानाच होतो.

६. सरपणाच्या ढिगात विंचू निघतात, एकदा सापही निघाला. काळजी कशी घ्यायची?

हा प्रश्न चुलीच्या जाळाइतकाच गंभीर आहे. ढिगात सावली, गारवा आणि उंदीर-पाली मिळतात, म्हणून विंचू आणि साप तिथे येणारच. कोकणात विशेषतः फुरसं आणि लाल विंचू, आणि मण्यार तर सगळीकडेच.

ढीग घराच्या भिंतीला चिकटून रचू नका. भिंत आणि ढीग यांत माणूस जाईल एवढी जागा सोडा. लाकूड वरून काढा, मधूनच हात घालून ओढू नका. आधी काठीने ढीग खडखडवा, मग उचला. अंधार पडल्यावर जायचंच असेल तर बॅटरी आणि पायात बंद चप्पल-बूट हवेत. संध्याकाळचं जळण दिवसाउजेडी काढून ठेवलं तर हा प्रसंगच येत नाही. घरात आणलेलं प्रत्येक लाकूड चुलीत घालण्याआधी जमिनीवर आपटा.

लाल विंचू चावल्यावर भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं अशी लक्षणं दिसली तर ते विष हृदयावर परिणाम करत आहे असं समजून लगेच दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला. हे साधं औषध वेळेत मिळालं तर जीव वाचतो, म्हणून उतारा करणाऱ्याकडे जाण्यात वेळ घालवू नका. साप चावला असेल तर जखम कापणं, चोखणं, दोरीने आवळणं यांपैकी काही करू नका. तो हात किंवा पाय हलू न देता, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८.

७. नवीन मातीची चूल घालायची आहे. माती, माप आणि जागा कशी असावी?

नुसती काळी माती वाळताना तडकते. चिकणमाती किंवा वारुळाची माती घ्या, तीत भाताचं तूस किंवा गव्हाचा भुस्सा, थोडं शेण आणि चाळलेली राख मिसळा, रात्रभर भिजवून पायांनी चांगली मळा. चूल सावलीत हळूहळू वाळवा; घाईने उन्हात ठेवली की भेगा पडतात. पहिला जाळ लहान करा. पुढे नेमाने सारवत राहा आणि भेग दिसली की त्याच दिवशी बुजवा, कारण भेगेतून धगही जाते आणि धूरही.

तळाला लोखंडी जाळी बसवून तिच्याखाली राखेला आणि हवेला जागा ठेवलीत, तर चुलीत मोठा फरक पडतो. जळत्या लाकडाला खालून हवा मिळते. भांड्याचा तळ जळणापासून पाच-सहा इंच वर असावा. फार खाली असेल तर जाळ गार भांड्याला आपटून विझतो आणि काजळी धरते, फार वर असेल तर धग वाया जाते.

एक मुद्दा हमखास उलटा केला जातो. धुराडं नसलेल्या चुलीत भांडं आणि चूल यांत बोटभर फट हवी, कारण जाळाला बाहेर पडायला तीच वाट असते. चुलीच्या काठावरचे तीन उंचवटे त्यासाठीच असतात. धुराडं असलेल्या चुलीत मात्र भांडं घट्ट बसायला हवं, फट राहिली तर धुराड्याची ओढ (धूर वर खेचण्याची ताकद) तुटते.

दारातून येणारा वारा थेट चुलीच्या तोंडात शिरेल अशी जागा टाळा. लाकडी खांब, कुडाची भिंत, पडदा, दोरीवरचे कपडे यांपासून तीन फूट तरी लांब. धूर वर चढतो, म्हणून समोरच्या खिडकीइतकीच छपराजवळची मोकळी जागा महत्त्वाची.

८. धुराडं बसवलं तरी धूर घरातच येतो. पैसे वाया गेले का?

बहुधा नाही. एकेक बघत जा. पाईप छपरापासून दोन-तीन फूट वर गेला आहे का? कमी उंचीचा असेल तर वारा धूर परत ढकलतो. पाईपला आडवी वळणं आहेत का? जितकं सरळ उभं, तितकी ओढ चांगली. वैलावर (चुलीच्या बाजूच्या दुसऱ्या भोकावर) भांडं ठेवलं नसेल तर ते भोक उघडं राहिलं आहे का? रिकामं असेल तेव्हा झाकणी ठेवा. चूल आणि पाईप जिथे जोडले आहेत तिथली माती सुटली आहे का? वरची टोपी इतकी खाली बसली आहे का की तोंडच बंद झालं? आणि शेवटी, पाईप शेवटचा कधी साफ केला (प्रश्न ९)?

दोन कारणं सहसा लक्षात येत नाहीत. सकाळी पाईप गार असतो, आतली गार हवा खाली बसते आणि धूर वर जात नाही. अशा वेळी पाईपच्या बुडाशी मूठभर पाचोळा पेटवून तो आधी तापवा, मग चूल लावा. दुसरं, त्याच खोलीत एक्झॉस्ट पंखा लावून दारं-खिडक्या बंद असतील तर पंखा पाईपातूनच हवा खाली ओढतो, धुरासकट. पंखा लावायचा तर खिडकी उघडी हवी.

धुराड्याच्या चुली महाराष्ट्राला नव्या नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल पुढे आली, १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची लक्ष्मी चूल आजही गावोगाव दिसते. चुली बसवल्या गेल्या, पण पाईप साफ कसा करायचा हे घरातल्या बाईला कुणी दाखवलं नाही. मग पाईप चोंदला, धूर परत आला आणि चुलीला नाव ठेवलं गेलं. माझ्या मते चूल बसवण्याइतकाच वेळ ती सांभाळायला शिकवण्यात जायला हवा.

जुना ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाईप असेल तर तो करवतीने कापू नका, घासू नका, फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगाचं कारण ठरते. नवा पाईप घ्यायचा तर ॲस्बेस्टॉस नको.

९. धुराडं किती दिवसांनी साफ करावं? आत आग लागली तर?

रोजची चूल असेल तर महिन्यातून एकदा पूर्ण पाईप आणि आठवड्यातून एकदा चुलीजवळचं वळण. चूल पूर्ण गार असताना, नाका-तोंडाला ओला रुमाल बांधून. दोरीला काथ्याचा बोळा आणि खाली वजन बांधून वरून दोन-तीनदा ओढला की कोरडी काजळी पडते. चकचकीत, डांबरासारखा थर दिसला तर तुमचं लाकूड ओलं आहे. तो थर पेट घेतो.

पाईपात आग लागली की घोंघावल्यासारखा आवाज येतो आणि वरून ठिणग्या उडतात. चुलीतली लाकडं ओढून बाहेर काढा, चुलीचं तोंड पत्र्याने किंवा ओल्या मातीने बंद करा म्हणजे हवा तुटेल. पाईपात पाणी ओतू नका, तापलेला पाईप तडकतो आणि वाफ अंगावर येते. घरातल्यांना बाहेर काढा, छपरावर लक्ष ठेवा, अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करा.

१०. त्याच चुलीवर जळण कमी लागावं म्हणून काय करता येईल?

चूल पेटवण्याआधी भाजी चिरून, डाळ-तांदूळ धुऊन, पीठ काढून ठेवा. रिकामी जळणारी चूल हे सगळ्यात मोठं नुकसान आहे. डाळी, कडधान्यं भिजवून घ्या. भांड्यावर झाकण ठेवा. उकळी आल्यावर जाळ वाढवून पाणी जास्त गरम होत नाही, ते फक्त जास्त उडतं. तेव्हा एक लाकूड मागे ओढा.

अंगठ्याएवढी दोन-तीन लाकडं एका जाड ओंडक्यापेक्षा स्वच्छ जळतात, कारण त्यांना सगळीकडून हवा मिळते. त्यांची टोकंच जळू द्या आणि जळतील तशी पुढे सरकवा.

भाकरी करताना जाळ आणि निखारा दोन्ही लागतात. तव्याखाली एकसारखा जाळ ठेवा आणि चुलीच्या तोंडाशी मूठभर निखारे पुढे ओढून त्यांच्याकडे टेकवून भाकरी फुगवा. आधी जड लाकूड जाळून निखारा तयार ठेवला तर शेवटच्या भाकरीपर्यंत तो पुरतो, आणि मग त्याच आरावर वैलावरचा भात मुरतो, दूध तापतं. स्वयंपाकाचा क्रम असा लावला की वेगळं जळण लागत नाही.

११. लाकूड रानातून फुकट येतं. मग एवढा हिशेब कशाला?

आणणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा भारा फुकट नसतो. आकडेच बघू. एलपीजीच्या किलोत साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता असते आणि बर्नरवर तिच्यातली ६० टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते. साध्या चुलीत लाकडाच्या १६ मेगाज्यूलपैकी भांड्यापर्यंत १० ते १५ टक्केच पोचते. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला साध्या चुलीला जवळजवळ २०० किलो वाळकं लाकूड लागतं. चूल सुधारून २५ टक्क्यांवर आणली तर तेच काम सुमारे १०० किलोत होतं. वाचलेले १०० किलो म्हणजे किती भारे आणि किती खेपा, हे ज्या घरात बाई रानात जाते त्या घराला वेगळं सांगायला नको.

१२. बाजारातली लोखंडी सुधारित चूल घ्यावी का? पंख्याची की बिनपंख्याची?

अशा चुलींसाठी बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) मानक आयएस १३१५२ आहे. त्यानुसार बिनपंख्याच्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के हवी. तो क्रमांक विचारून घ्या. पंख्याची चूल धूर फार कमी करते, पण तिला बोटाएवढे छोटे, पूर्ण वाळलेले तुकडे लागतात आणि बॅटरी चार्ज करावी लागते. घरात लाकूड तोडून देणारं कुणी नसेल तर ती कोपऱ्यात पडून राहते. बिनपंख्याची चूल जास्त सोसते.

विकत घेण्याआधी तुमचं रोजचं मोठं पातेलं तिच्यावर ठेवून बघा. डुगडुगली तर घेऊ नका. उकळत्या वरणाचं भांडं कलंडून भाजण्याचे प्रकार होतात. धुराडं नसलेली लोखंडी चूलही कार्बन मोनॉक्साइड सोडते (प्रश्न १५), म्हणून ती ओसरीवर किंवा हवेशीर जागी वापरा.

१३. साडीचा पदर किंवा लहान मूल, यांची फार भीती वाटते. आणि भाजलंच तर?

चुलीपाशी सुती कपडा, पदर खोचलेला, ओढणी मागे बांधलेली. नायलॉन, जॉर्जेट वितळून अंगाला चिकटतं. चुलीभोवती तीन फुटांपर्यंत मुलांनी यायचं नाही ही रेघ जमिनीवर खरोखर आखा; रांगत्या मुलासाठी चूल ओट्यावर घ्या किंवा आडोसा करा. मोठ्या भांड्यांचे कान आतल्या बाजूला वळवा. गरम भांडं उतरवायला सांडशी हवी, पदर नको.

कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर लोळावं, किंवा जाड सुती चादर, घोंगडी गुंडाळून जाळ दाबावा.

भाजलेली जागा साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नका. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढा. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. वर स्वच्छ सुती कापड हलकं ठेवून दवाखान्यात जा. चेहरा, हाताचे पंजे, सांधे, गुप्तांग भाजलं असेल किंवा भाजलेलं माणूस लहान मूल असेल, तर थोडं भाजलं तरी डॉक्टरांना दाखवाच.

१४. चूल विझवायला पाणी मारावं का? आणि राखेचं काय करावं?

मातीच्या चुलीत पाणी नको, चूल तडकते आणि राखमिश्रित वाफ तोंडावर उडते. लाकडं बाहेर ओढून त्यांची टोकं मातीत किंवा राखेत खुपसा, निखारे राखेने दाबा. बाहेर काढलेली लाकडं तशीच सरपणाच्या ढिगात टाकू नका.

राखेत निखारा एक-दोन दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. ती पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, घराबाहेर ठेवा; प्लास्टिकची बादली, पोतं किंवा उकिरडा नको. गार झालेली राख भांडी घासायला आणि झाडांना चांगली, तिच्यात पालाश असतं. युरियाबरोबर मात्र एकत्र टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. आणि रंगीत लाकूड किंवा प्लास्टिक जळालं असेल तर ती राख भांड्यांनाही नको, वाफ्यातही नको.

१५. निखाऱ्याला धूर नसतो. मग थंडीत शेगडी खोलीत ठेवून झोपलं तर काय बिघडतं? बाळंतिणीच्या बाजेखाली तर ठेवतातच.

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. धूर नसतो म्हणून निखारा निर्धोक वाटतो, पण त्यातूनच कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साचला की डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, मग गुंगी येते. झोपेतल्या माणसाला यातलं काही कळतच नाही. खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी झाली आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर हेच कारण आहे असं धरून चाला.

बाळंतिणीला शेक, ओवा-शेपा-वावडिंगाची धुरी हे सगळं बंद खोलीत, दारा-खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबून करतात. बाळाला हा वायू मोठ्यांपेक्षा लवकर बाधतो. आजींना दुखवायची गरज नाही: शेगडी ओसरीवर ठेवा, शेकाचं फडकं तिथे तापवून आत आणा. ऊब द्यायची तर आईच्या अंगाशी बाळ, टोपडं, दुपटी आणि गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून. धुरीचा धूर बाळाच्या फुप्फुसाला नको.

कुणी गुंगीत सापडलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. या वायूने भरलेलं रक्तही ते ‘ठीक’ दाखवतं. आकड्यावर विसंबून घरी थांबू नका, ऑक्सिजन रुग्णालयातच मिळेल.

१६. न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटवतो. तो सुरक्षित आहे का?

बंब हवेशीर पडवीत किंवा परसात असेल तर चांगली वस्तू आहे. जाळ मधल्या नळीत आणि पाणी भोवती, त्यामुळे धग वाया कमी जाते. दार बंद केलेल्या न्हाणीघरात पेटता बंब मात्र प्रश्न १५ मधल्या शेगडीइतकाच घातक. बंब बाहेर पेटवा, पाणी बादलीने आत न्या.

आधी पाणी, मग जाळ. रिकाम्या बंबाखाली जाळ झाला तर सांध्यांचे डाग वितळून बंब गळू लागतो. पाणी ओतायचं नरसाळं आणि वाफेची वाट कधी बंद करू नका. काही बंबांत वरून गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून उसळतं, म्हणून ओतण्याआधी तोटीखाली बादली आहे आणि जवळ मूल नाही हे बघा. नळीतली राख रोज काढा, नाहीतर जाळीखालून हवा मिळत नाही आणि बंब नुसता धुमसतो.

१७. एकाच स्वयंपाकघरात गॅस आणि चूल दोन्ही आहेत. चालतं का?

दोन्ही वेगळ्या खोल्यांत असतील तर उत्तम. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळली तर जमिनीलगत पसरते, आणि आपली चूलही जमिनीवरच असते. खोली वेगळी करता येत नसेल तर सिलिंडर चुलीपासून शक्य तेवढा लांब ठेवा, चूल पेटलेली किंवा निखारे धगधगत असताना सिलिंडर बदलू नका आणि नळी चुलीच्या धगेच्या टप्प्यात नको. गॅसचा वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, विजेचं बटण चालू-बंद करू नका, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

१८. चुलीवर प्रेशर कुकर लावता येतो का?

येतो, जळणही वाचतं. पण जाळ कुकरच्या बाजूने वर चढून मूठ आणि रबरी रिंग जाळतो, म्हणून जाळ तळाखालीच राहील एवढा लहान ठेवा. शिट्टी झाल्यावर लाकूड लगेच मागे ओढा. निखाऱ्यांवरही दाब वाढतच राहतो, गॅससारखं बटण फिरवून तो थांबत नाही. बाहेरून राख-मातीचा पातळ लेप दिला तर काजळी घासायला सोपी जाते, फक्त लेप झाकणाला आणि वाफेच्या भोकाला लागू देऊ नका.

१९. फ्लॅटच्या बाल्कनीत हौसेने चूल मांडली तर?

नको. वर दुसऱ्याची खिडकी आणि कपडे असतात, ठिणगी कुठे जाईल यावर आपला ताबा नसतो.

२०. आईला दमा आहे, पण ती चुलीशिवाय स्वयंपाक करायला तयार नाही. काय करावं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगभर ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची २ लाखांहून जास्त मुलं होती. दमा आणि फुप्फुसाचे जुने आजार धुराने बळावतात, त्यामुळे चूल सुधारूनही तिच्यासाठी गॅस किंवा विजेची शेगडी हेच चांगलं. ती ऐकणारच नसेल तर वाद न घालता कामं वाटून घ्या. पेटवायचं काम आणि ती पहिली धुराची मिनिटं घरातल्या दुसऱ्या कुणी सांभाळावीत. चहा, दूध, भात गॅसवर, आणि भाकरी फक्त चुलीवर. चूल ओसरीवर हलवा. रुमाल बांधून धूर अडत नाही, त्यातले बारीक कण कापडातून सहज जातात. इनहेलर हाताशी हवा. धाप वाढली, रात्री खोकून झोपमोड होऊ लागली तर डॉक्टरांना चूल आहे हे न विसरता सांगा.

२१. आमचं कौलारू घर आहे. मोठी माणसं म्हणतात, धूर बंद केला तर वाशांना कीड लागेल आणि बियाणं खराब होईल. खरं आहे का?

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. चुलीच्या धगेने वासे कोरडे राहतात, धुरातला डांबरी थर भुंग्याला नकोसा असतो, आणि चुलीवर टांगलेल्या मक्याच्या कणसांना, बियाण्याला कीड कमी लागते. पण त्यासाठी रोज दोन वेळा माणसांनी धूर गिळायची गरज नाही.

पावसाआधी फुटकी कौलं बदला, कारण वाळवी आणि बुरशी यांना आधी ओल लागते. वासे-रिपांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याचे हात द्या. जळकं इंजिन तेल चोपडायची पद्धत चुलीच्या वर धोक्याची आहे. बियाणं कडक वाळवून, कडुलिंबाचा पाला किंवा चाळलेली राख मिसळून झाकणबंद डब्यात ठेवा. तरीही धूर द्यायचाच असेल तर अधूनमधून, घर रिकामं करून, कुणीतरी बाहेरून लक्ष ठेवत द्या आणि मग दारं-खिडक्या सताड उघडून तासाभराने आत जा. त्याआधी वाशांवरून लोंबणारी काजळीची जुनी जाळी झाडून काढा, ती एका ठिणगीने पेटतात.